वाचकांचे प्रश्न : खालचं गेट नेमकं कोणाचं?

मागच्या अंकात जिन्यातल्या अंधारावर दोन ओळी लिहिल्या होत्या तं पत्रांचा आणि मेसेजचा ढीगच लागला, आणि गंमत म्हणजे वीस-पंचवीस-तीस वर्षं जुन्या बिल्डिंगचे प्रश्न आता फक्त नागपूर-अमरावतीचे राहिले नाहीत, तालुक्याच्या गावातही खाली दुकानं वर फ्लॅट अशा बिल्डिंगा उभ्या आहेत आणि सगळ्यांचं दुखणं एकच, खालचा दरवाजा. म्हणून यावेळी सगळे प्रश्न त्याच विषयावरचे घेतले. नावं मुद्दाम छापत नाही, शेजाऱ्यांसोबत राहायचं आहे ना सगळ्यांना.

प्रश्न : नमस्कार भाऊ. आमची बिल्डिंग तीन मजल्याची, नऊ फ्लॅट, खाली चार दुकानं. जिन्याला चॅनल गेट आहे पण ते कोणीच लावत नाही, दिवसभर सताड उघडं. मागच्या महिन्यात रात्री दोन गाड्यांच्या बॅटऱ्या गेल्या. आता अर्धे म्हणतात कॅमेरे लावा, अर्धे म्हणतात पैसे नाही देत. तुमच्या मते कॅमेरा कोणता घ्यावा? — एक वाचक, वरुड

उत्तर : भाऊ, कॅमेऱ्याचं नंतर पाहू. ज्या गेटाला लावायची आठवण नऊ घरांना ठेवावी लागते ते गेट उघडंच राहणार, मग तुम्ही त्यावर बोर्ड लावा नाहीतर ग्रुपवर रोज हात जोडलेले इमोजी टाका. कॅमेरा तुम्हाला बॅटरी कोणी नेली ते दाखवेल, तेही तोंडाला दुपट्टा बांधला नसेल तं. दार आपोआप बंद झालं आणि बंद झाल्यावर आपोआप लॉक झालं तरच चोर बाहेर राहते. पैसे कमी असतील तर सगळे तिथंच घाला.

आता चॅनल गेटची अडचण अशी की ते घडीचं, रोलरवर सरकणारं, ते काही आपोआप बंद होत नाही. खालच्या पट्टीत माती, कापसाचा फुफाटा, खर्ऱ्याच्या पन्न्या जाऊन बसतात, मग ते ओढायला दोन माणसं लागतात, आणि जे ओढायला जड ते कोणी लावत नाही हे साधं आहे. म्हणून चॅनल गेट काढू नका, राहू द्या, पण त्याच्या आतल्या बाजूला एक पल्ल्याचं लोखंडी दार बसवून घ्या, फ्रेम आणि जाळीचं, आणि त्याला डोअर क्लोजर, म्हणजे दार आपोआप ओढून लावणारा दांडा. फॅब्रिकेशनवाला गावातलाच पाहा, बाहेरचा माणूस बिघाड झाला की फोन उचलत नाही.

पण त्याला काम सांगताना काही गोष्टी डोक्यात ठेवा. पहिली, क्लोजर दाराच्या वजनाप्रमाणे मिळतो. लाकडी दाराचा हलका क्लोजर लोखंडी दाराला लावला तं काही महिन्यांत तेल गळायला लागते, आणि तेल गळलेला क्लोजर दुरुस्त करत बसू नका, तो गेलाच म्हणून समजा. त्याच्यावर साधारण दोन स्क्रू राहतात, एक दार बहुतेक अंतर किती जोरात येईल त्याचा आणि दुसरा शेवटच्या वीतभर अंतरात किती जोरात जाऊन लॅचमध्ये बसेल त्याचा. लोक पहिलाच पिळत राहतात, दार धाडकन आदळते, वरच्या काकू ओरडतात, मग कोणीतरी दाराला वीट लावून ठेवते आणि झालं, संपला विषय. पाव फेरा फिरवा, दार सोडून पाहा, परत पाव फेरा. स्क्रू पूर्ण बाहेर काढायचा नाही. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीत आतलं तेल पातळ होते आणि दार आदळायला लागते, तेच डिसेंबरात सुस्त होऊन लॅचपर्यंत पोचतच नाही, म्हणून वर्षातून दोनदा हे सेटिंग करायचं काम एकाच माणसाकडे द्या.

दुसरी गोष्ट, आणि ही नव्वद टक्के ठिकाणी चुकलेली पाहतो मी. नाईट लॅच लावतात, बाहेरून चावी आतून नुसता खटका, पण दार जाळीचं! मग बाहेरून जाळीतून हात घालायचा, खटका फिरवायचा, आत. लॅचच्या चारही बाजूंनी हात पोचेल तेवढ्या अंतरात, म्हणजे दीड-दोन फूट, जाळीवर पत्रा वेल्ड करून घ्या. हात घालून स्वतः पाहा पोचते का, आणि तुमच्या नाही तं एखाद्या सडपातळ पोराच्या हाताने पाहा. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला येत असतील तर त्यांची पिन निघणार नाही अशी वेल्ड करायला सांगा, आणि नटबोल्ट बाहेरून पान्ह्याने खोलता येणारे नको.

तिसरी, बाहेर प्रत्येक घराची बेल. हे लोक विसरतात. दार लॉक झालं पण पाहुण्याला वर कळवता येत नसेल तर तो दार बडवतो, खालचा दुकानदार दोन दिवस उठून उघडतो आणि तिसऱ्या दिवशी तोच वीट लावतो. सकाळी साडेपाचचा दूधवाला हा तुमचा खरा प्रश्न आहे पाहा, त्याच्यासाठी कोणी ना कोणी दार उघडं ठेवते आणि ते मग शाळेच्या ऑटोपर्यंत तसंच राहते. दाराच्या बाहेरच्या बाजूला सगळ्यांच्या पिशव्या टांगायला हूक ठोका, दूधवाला, पेपरवाला तिथंच ठेवून जाईल. धुणंभांड्याच्या ताईला मात्र चावी द्या, विश्वासाने घरात घेता तं खालच्या दाराला काय झालं.

हे सगळं होऊन पैसे उरले तं कॅमेरा. एकच, दाराच्या आत, येणाऱ्याच्या तोंडाकडे पाहणारा, कोणाच्या घराच्या दाराकडे वळलेला नको, नाहीतर चोराचं राहून जाईल आणि तुमचीच भांडणं सुरू होतील.

प्रश्न : भाऊ, आमच्या इथं खाली राहणारे काकाजी रात्री दहाला चॅनल गेटला आतून कुलूप लावतात, चावी त्यांच्याच जवळ. सुरक्षेसाठी लावतात हे खरं, स्वभावानेही वाईट नाहीत. पण माझ्या सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, रात्री दोनला दवाखान्यात न्यायची वेळ आली तं काकाजींना उठवता उठवता पंधरा मिनिटं गेली. काही बोललं की त्यांना राग येतो. — एक वाचक, पुसद

उत्तर : ताई, इथं रागाकडे पाहायचं कामच नाही. बाहेर पडायच्या दाराला आतून चावी लागता कामा नये, बस. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ ची, तिच्यातही तेच आहे, बाहेर जायच्या मार्गावरचं दार आतून बिना चावीचं उघडता आलं पाहिजे. तुमच्या वेळी पंधरा मिनिटं गेली आणि सासूबाई सुखरूप राहिल्या. पण मीटरच्या बोर्डाला आग लागली, लाइट गेली, जिन्यात धूर, आणि वरचे बावीस-पंचवीस माणसं कुलूपबंद चॅनल गेटापाशी उभे, काकाजी नेमके पोरीकडे गेलेले आणि चावी त्यांच्या खिशात. हे त्यांना असंच सांगा, तुमच्या आजारपणाचं सांगू नका, कारण मग ते म्हणतील तुमच्यासाठी मी उठतो ना.

उपाय वर वरुडच्या भाऊला सांगितला तोच, नाईट लॅचचं दार, बाहेरून चावी आतून खटका. तेवढे पैसे जमेपर्यंत कुलूपाची एकेक चावी प्रत्येक घरी. काही ठिकाणी काच फोडून घ्यायची चावी गेटाजवळ डब्बीत ठेवतात, ते नसल्यापेक्षा बरं, पण अंधारात धुरात डब्बी कोण शोधते. आणि काकाजींना या कामातून काढू नका हो, रोज रात्री दहाला खाली येऊन पाहणारा माणूस नशिबाने मिळते, त्यांनाच सांगा की दार नीट बसलं की नाही, बल्ब चालू आहे की नाही ते रोज पाहायचं. मान राहते आणि कामही होते.

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्या बाहेरच्या गेटाची कडी बरोबर बसते, पावसाळा लागला की अर्धा इंच खाली-वर होते. मिस्त्री दरवर्षी येते, घासून देते, पैसे घेऊन जाते. तीन वेळा घासून झालं. — एक वाचक, मूर्तिजापूर

उत्तर : मिस्त्रीचा काही दोष नाही, दोष काळ्या मातीचा आहे. आपली कपाशीची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते, शेतात हात जाईल एवढ्या भेगा पाहिल्याच असतील. बिल्डिंगचा पाया खोल राहते, ती हलत नाही, पण कंपाउंडच्या गेटाचे खांब बिल्डरने दोन फुटावर ठोकलेले राहतात, ते मातीसोबत वर-खाली होतात. एक खांब इकून उचलला दुसरा तिकून झुकला की कडी कुठून बसेल. तुम्ही उन्हाळ्यात घासाल तं पावसाळ्यात हुकेल आणि पावसाळ्यात घासाल तं उन्हाळ्यात, आणि दरवेळी फट मोठी होत जाईल, मग पहार घालायला जागा तयार.

स्वस्तातला उपाय म्हणजे कडी ज्या भोकात जाते ते भोक उभं लांबट करून घ्या, इंचभर, म्हणजे वर-खाली झालं तरी कडी बसते. गेटाखाली कोपऱ्यात एक चाक लावता आलं तर वजन खांबावर येत नाही. पक्का उपाय म्हणजे खांब काढून मुरूम लागेपर्यंत खोदायचं आणि परत बसवायचे, ते काम उन्हाळ्यात करा. आणि गच्चीच्या पाइपाचं पाणी खांबाच्या बुडाशी पडत असेल तर आधी ते दुसरीकडे वळवा, नाहीतर नवे खांबही तेच करतील.

प्रश्न : आमच्या जिन्याखाली मीटर आहेत. तिथंच एका शेजाऱ्याने कापसाचे गाठोडे रचले, सोबत फवारणीचा पंप आणि औषधाच्या बाटल्या. म्हणते भाव आला की विकतो. दोन महिने झाले. — एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : भाव येईपर्यंत थांबू नका. मोकळा कापूस ठिणगी पडली की पाहता पाहता पेटते, वरून विझला असं वाटलं तरी आत धुमसत राहते, आणि तो ठेवला कुठं तर मीटरखाली, जिथं एखादं कनेक्शन ढिलं झालं की पहिली ठिणगी तिथंच पडते. आणि जिना एकच, तोही वरपर्यंत मोकळा, म्हणजे धूर सरळ वर. त्यात कीटकनाशकाच्या बाटल्या! आपल्या भागात २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, हे कोणाला सांगायला पाहिजे का. जिन्यात लहान पोरं खेळतात.

शेजारी भाऊला प्रेमाने सांगा, पण मुदत देऊन सांगा, या रविवारपर्यंत. सगळे मिळून उचलायला मदत करा, शेतकरी माणूस आहे, ठेवायला जागा नसते हे आपण सगळे समजतो. गच्चीवर मात्र नका टाकू, बला खालून वर नेली एवढंच होईल. नाहीच ऐकलं तर फोटो काढून नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागाला लेखी द्या. गाड्या मीटरला टेकवून ठेवणाऱ्यांनाही हेच लागू, पेट्रोलची टाकी आहे ती.

प्रश्न : दहापैकी तीन फ्लॅटवाले बाहेर राहतात, एक पुण्यात, दोन नागपुरात. मेंटेनन्स मागितला की म्हणतात आम्ही राहतच नाही तं जिना वापरत नाही, पैसे कशाचे. आमची सोसायटी वगैरे काही नाही. — एक वाचक, आर्वी

उत्तर : हे वाक्य मला प्रत्येक तालुक्यातून येऊन राहिलं आहे. कायद्यात ते टिकत नाही. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा १९७० चा, त्यात स्पष्टच आहे की सामायिक जागा मी वापरत नाही असं म्हणून खर्चातून सुटता येत नाही. फ्लॅट घेतला तेव्हा जिना, गेट, गच्ची यातला हिस्सा सोबत घेतलाच, तो विकताना बरोबर किमतीत धरतील पाहा.

पण अडचण तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. सोसायटीही नाही, अपार्टमेंटची संघटनाही नाही, मग वसूल करणार कोण, कोणत्या अधिकाराने? आधी आपापलं खरेदीखत काढा आणि पाहा बिल्डरने डीड ऑफ डिक्लेरेशन, म्हणजे घोषणापत्र, नोंदवलं का. नोंदवलं असेल तं दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल मिळते, त्यात प्रत्येक फ्लॅटचा टक्क्यातला हिस्सा राहते आणि सामायिक खर्च त्याच हिशोबाने वाटायचा. नसेल तर १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली सोसायटी करायचं पाहा, तालुक्याला सहायक निबंधकाचं ऑफिस आहे तिथं जाऊन विचारा, कागदं बरीच लागतात पण अशक्य नाही. सोसायटीत हिशोब वेगळा, तिथं सफाई, जिन्याचा लाइट, वॉचमन असा सेवा खर्च सगळ्या फ्लॅटला सारखा, मोठा असो की लहान, आणि दुरुस्तीचा फंड बांधकामाच्या खर्चावर, आदर्श उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, वर्षाला निदान ०.७५ टक्के. मालक राहत नाही आणि भाडेकरू ठेवला तर उलट सेवा खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत जास्तीचं शुल्क लावता येते, म्हणजे बाहेर राहणाऱ्याला सूट तं सोडाच.

हे होईपर्यंत काय? दर दुरुस्तीला वर्गणी मागणं बंद करा. दरवेळी मागितलं की दरवेळी भांडण. महिन्याला ठरलेली रक्कम, छोटी का असेना, दोघांच्या सहीचं खातं, आणि प्रत्येक बिलाचा फोटो ग्रुपवर त्याच दिवशी. पुण्यातला माणूस पैसे देत नाही यामागे अर्ध्या वेळा कंजूषपणा नसते, पैसे कुठं जातात ते त्याला दिसत नाही हे राहते. मागताना आकडे द्या. उदाहरणार्थ जिन्यात ९ वॉटचे चार एलईडी बल्ब रात्रीचे बारा तास जळले तं महिन्याला तेरा युनिट होतात, एवढ्यासाठी लोक आठ वर्षं अंधारात जिना चढून राहिले. आणि तो बल्ब कोणाच्या तरी घरच्या मीटरवर असेल तर तो माणूस एक दिवस बंद करणारच, म्हणून महावितरणकडे सामायिक मीटरचा अर्ज आधी करा.

एक मात्र करू नका, पैसे देत नाही म्हणून कोणाच्या फ्लॅटचं पाणी किंवा लाइट तोडू नका. राग समजते, पण मग पोलीस स्टेशनला तुम्हीच उभे राहाल.

प्रश्न : पाऊस आला की खालच्या गेटाला हात लावला तर मुंग्या आल्यासारखं होते. वेल्डिंगवाल्याला दाखवू का? — एक वाचक, दारव्हा

उत्तर : वेल्डिंगवाल्याला नाही भाऊ, इलेक्ट्रिशियनला, आणि आजच. ते करंट आहे. तोपर्यंत त्या लाइनचा मेन बंद, आणि लहान पोरांना गेटापासून दूर ठेवा. बहुतेक ठिकाणी काय राहते, बेलची नाहीतर गणपतीच्या लायटिंगची वायर कोणीतरी गेटावरून गुंडाळून नेली, सालपट घासून गेलं, पाणी पडलं. गेटावरून एकही वायर नको, जी न्यायची ती पाइपातून भिंतीवरून. सामायिक लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच, बसवून घ्या, त्याच्यावर टेस्टचं बटण राहते, महिन्यातून एकदा दाबून पाहायचं. अर्थिंग मोजायला सांगा, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की ते नावालाच राहते.

प्रश्न : जिन्याचे कोपरे खर्ऱ्याने लाल झालेत. देवाच्या टाइल्स लावाव्या का? आणि गेटाचा गंज कधी काढावा? — एक वाचक, ब्रह्मपुरी

उत्तर : देवाच्या टाइल्स लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे ताई. थुंकणारा थुंकतोच, मग एका धर्माचा फोटो दुसऱ्या धर्माचा फोटो यावरून वेगळीच मीटिंग होते. कोपऱ्यात उजेड द्या, कमरेपर्यंत साध्या पांढऱ्या टाइल्स लावा म्हणजे ओल्या फडक्याने निघते, आणि दाराच्या बाहेर रेतीचा डब्बा ठेवा. दार लॉक झालं की खालच्या दुकानात आलेला अर्धा गिऱ्हाईक तसाही जिन्यात येणं बंद होते.

गंजाचं काम मृग लागायच्या आधी, पण भर दुपारी तापलेल्या लोखंडावर रंग मारला तं ब्रशचे वण आणि फोड राहतात, सकाळी मारा. गेट वरून खात नाही, बुडातून खाते, जिथं पट्टी फरशीला टेकते आणि झाडलोटीचं पाणी साचते, म्हणून तिथं पोपडे पूर्ण निघेस्तोवर घासा, मग रेड ऑक्साइड, तो वाळू द्या, मग ऑइल पेंटचे दोन हात. रोलरच्या पट्टीत ग्रीस घालू नका, धूळ चिकटून लापशी होते, झाडून कोरडीच ठेवा. कुलूपात खोबरेल तेल तं अजिबात नको, शिसपेन्सिलीची पूड चालते. आणि दाराखाली बोटभर फट राहिली असेल तर रबरी पट्टी लावून घ्या, पावसाळ्यात तिथून कोण येते ते ब्रह्मपुरीच्या लोकांना मी काय सांगू.